वळणावरचं मौन

मित्रांनो, मी एक जुना हॉर्न आहे. तसा फार जुना नाही, पण रेवसच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला वय लवकर चढतं. एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या जाळीआड माझी जागा आहे. कारखान्यात मला पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी समाधानाने मान हलवली. तेव्हापासून माझा एकच नेम आहे. बटणाची हाक आली की ओ द्यायची.

आमच्या मालकीणबाई विनिताताई. आठवड्यातून दोनदा त्या सासूबाईंना, सोनूबाईंना, डायलिसिससाठी अलिबागला नेतात. वाटेत दोन्ही बाजूंना दगडी गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि नारळाच्या वाड्या. वळणापलीकडचं काही दिसत नाही. त्यात मांडव्याला गाड्या वाहून आणणारी रो-रो बोट लागली की मुंबईच्या गाड्यांचा लोंढा सुटतो. वळणावर आधी माझा आवाज पोचायचा, मग गाडी.

"तुजा हॉर्न लय सोज्वल हाय गो, कुनावर खेकसत न्हाय," असं सोनूबाई म्हणायच्या, तेव्हा मला केवढं बरं वाटायचं!

पण यंदा मी मधूनच मुका होऊ लागलो. माझा गळा चांगला होता हो, हाकच माझ्यापर्यंत येईना. एकदा वळणावर समोरून डंपर आला. विनिताताईंनी बटण दाबलं, दाबतच राहिल्या, आणि मला पत्ताच नाही. देवाच्या दयेने गाडी गडग्याला घासून थांबली.

सोनूबाईंनी सांगून टाकलं, "आता मी या गाडीन बसायची न्हाय. मेली त घरान मेलेली बरी, रस्त्यान नको."

डायलिसिस चुकवून कसं चालेल? विनिताताईंनी घरी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान धनेश म्हणाले, "काढून फेक तो हॉर्न. ट्रकचा बसवू, अलिबागपर्यंत ऐकू जाईल!"

"वायर कापली तर वॉरंटी जाईल," विनिताताई हळूच म्हणाल्या. वाढीव वॉरंटी घेतलेली होती, आणि ती त्याच आठवड्यात संपत होती.

सर्व्हिस सेंटरने वेळ दिली ती नेमकी श्रावणी सोमवारची. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत विनिताताईंचं मौन असतं. त्या गाडी हळूहळू घेऊन गेल्या. त्यांच्या वतीने बोलायला सोनूबाई मागून सहा आसनी रिक्षाने आल्या.

विनिताताईंनी मोबाइलवर लिहून दाखवलं, 'हॉर्न वाजत नाही.' तिथल्या मेकॅनिकने, शुभमने, बटण दाबलं. मी खणखणीत वाजलो. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजलो. माझा नेम मी पाळला, आणि तेच नडलं.

"ताई, हा तर मस्त वाजतोय. वॉरंटीत काय दाखवू? बोला ना काहीतरी!"

"तिनी आज मौन धरलाय, बाला," सोनूबाई म्हणाल्या. "पन या हॉर्ननी कवा धरलाय, ता तूच बग."

शुभम हसला, पण 'दोष आढळला नाही' असं लिहायलाही लागला. विनिताताईंनी डोळे मिटून डंपर आला ते वळण आठवलं. मग एकदम त्यांनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि शुभमला बटण दाबायची खूण केली. त्याने दाबलं. शांतता! स्टिअरिंग सरळ केलं, मी वाजलो. डावीकडे वळवलं, पुन्हा शांतता.

शुभमने लिहिलेलं खोडलं. "स्टिअरिंगच्या आतली तार तुटत आलीय. वळवलं की जोड सुटतो. एअरबॅगची तारही तिथूनच जाते, ताई. बरं झालं आलात. हे सगळं वॉरंटीत बसतं."

दुपारी नवी तार बसली. सोनूबाईंनी स्टिअरिंग दोन्हीकडे वळवायला लावून स्वतःच्या कानांनी खात्री केली, आणि मग गाडीत बसल्या. परतीच्या वाटेवर एकेक वळण आलं, मी वाजत गेलो, पलीकडच्या गाड्या थांबत गेल्या. मागच्या सीटवर सोनूबाई चक्क घोरत होत्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना दुखणं सांगता येत नाही. म्हणून कुणी गप्प झालं की लगेच फेकायला निघू नका. ते नेमकं कुठे आणि केव्हा गप्प होतं, एवढं जरा थांबून बघा. आमच्या भरवशावर कुणीतरी मागे डोळे मिटून बसलेलं असतं.