हिमाभेतला काळा पट्टा

उत्तरेच्या समुद्रात बर्फ माणसाला दिसण्याआधी आकाशाला दिसतो. क्षितिजापलीकडे पसरलेल्या हिमप्रदेशाचे शुभ्र तेज ढगांच्या तळाशी उमटते, आणि ती हिमाभा प्रथम दृष्टीस पडली की नॉर्वेतल्या ट्रोम्सो बंदराचे जुने खलाशी आजही डोक्यावरची टोपी क्षणभर उचलतात. त्या शुभ्रतेत कोठे काळसर पट्टा असेल तर त्याखाली मोकळे पाणी असते. तो पट्टा शोधण्याचा अधिकार जहाजाच्या प्रमुखाचा, एकट्या तांडेलाचा. डोलकाठीच्या टोकाशी बांधलेल्या पिंपात उभे राहून त्याने आकाश वाचावे, आणि वरून त्याचा शब्द येईपर्यंत डेकवरच्या कोणी आकाशाविषयी अवाक्षर काढू नये, असा त्यांच्यातला दंडक.

‘टेर्ना’ या सीलशिकारी जहाजाचा तांडेल सेव्हेरिन त्या वसंतात या दंडकाच्याच आश्रयाला राहिला होता. त्याची दृष्टी गेल्या हिवाळ्यापासून धूसर होत चालली होती, आणि हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. घरी पत्नीलाही नाही.

शिकार आटोपून जहाज परतीला लागले, तेव्हा पूर्वेचा वारा सुटला आणि विखुरलेले हिमखंड एकमेकांकडे सरकू लागले. वेळीच मोकळे पाणी गाठले नाही तर त्या दाबाखाली लाकडी जहाज अक्रोडासारखे फुटते. सेव्हेरिन पिंपात चढला. सर्वत्र दुधाळ प्रकाश होता. त्याने नैर्ऋत्येकडे मान वळवली आणि त्या प्रकाशाच्या मधोमध त्याला एक काळा पट्टा दिसला. डोळ्यांनी अजून साथ सोडलेली नव्हती तर!

“पाणी! नैर्ऋत्येला!” तो गरजला.

डेकवर ओलुफ उभा होता. हा सेव्हेरिनच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जहाजावरचा नेमबाज. त्याने दोनदा आकाशाकडे पाहिले आणि त्याला राहवले नाही.

“तांडेल, तिकडं तर सगळं पांढरंच आहे हो. काळं दिसतंय ते आग्नेयेला.”

“ओलुफ, माझ्या बहिणीनं तुला पत्करलं म्हणजे पिंप आंदण मिळालं असं समजू नकोस!” वरून आवाज आला. “सील समोर बसलेला असतो तेव्हा तुझा नेम चुकतो, आणि चाललास आभाळ वाचायला!”

खलाशी हसले, नेहमीपेक्षा थोडे कमीच. ओलुफने मान खाली घातली. जहाज नैर्ऋत्येकडे वळले.

बराच वेळ ते दोन हिमखंडांमधल्या फटीतून पुढे सरकत राहिले. पट्टा मात्र ना जवळ येत होता, ना रुंदावत होता. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले म्हणून ते पुसायला सेव्हेरिनने हात वर आणला. हातात पत्नीने विणलेला पांढऱ्या लोकरीचा हातमोजा होता, आणि मोकळ्या पाण्याचा तो काळा पट्टा त्या मोज्यावर पडलेला होता.

त्याने ढगाकडे पाहिले, पट्टा ढगावर. शिडाकडे पाहिले, पट्टा शिडावर.

जहाजामागची फट मिटत असल्याचा करकराट तेवढ्यात ऐकू आला. खाली माणसे लांब वासे घेऊन बर्फ रेटू लागली होती. वर कोणीही पाहत नव्हते. त्याच्या एका शब्दावर ती इथवर आली होती आणि तोंडातून अक्षर न काढता राबत होती. त्या थंडीतही त्याचे कान तापले. आपण चुकलो, एवढे दोन शब्द उच्चारायचे होते. ते काही केल्या ओठांवर येईनात.

“ओलुफ,” अखेर तो म्हणाला, “जरा वर ये. हात गारठलेत माझे.”

ओलुफ चढून आला. पिंपात एकालाच जागा, म्हणून सेव्हेरिन उतरून खालच्या शिडीवर उभा राहिला. ओलुफने त्याच्या हातांकडे पाहिले नाही. सरळ डोळ्यांकडे पाहिले. मग आकाशावरून नजर फिरवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “तुम्ही इथंच थांबा. मी हळू सांगतो, तुम्ही मोठ्यानं सांगा.”

नको म्हणायची हीच वेळ होती. सेव्हेरिनने ती जाऊ दिली.

“डावीकडं घ्या. आणखी,” ओलुफ कुजबुजे, आणि “डावीकडे! आणखी!” अशी गर्जना तांडेलाच्या मुखातून निघे. आपलाच कणखर आवाज त्याला उसन्या अंगरख्यासारखा वाटत होता. एकदा जहाजाची बाजू बर्फाला घासून कळवळली. पण आग्नेयेची फट सापडली, रुंदावली, आणि संध्याकाळच्या आत ‘टेर्ना’ काळ्याशार, हलत्या पाण्यावर आली.

बर्फातून सुटल्यावर कॉफीचा पहिला प्याला पिंपातल्या माणसाचा, ही रीत. आचारी एनोक पत्र्याचा वाफाळता प्याला घेऊन सेव्हेरिनपुढे उभा राहिला. सगळे जवळच होते.

“हा ओलुफचा,” सेव्हेरिन म्हणाला. “वाट त्यानं काढली. मला... मला काही दिसत नाही रे. सकाळी भलतंच बोललो मी त्याला.”

कोणी दचकले नाही. कोणी ‘अरे!’ म्हणाले नाही.

“त्याचा वेगळा ओतलाय, तांडेल,” एनोक म्हणाला. “तुम्ही घ्या. निवतोय.”

“आणि नेम एकदाच चुकला होता हां,” ओलुफ म्हणाला, “तेवढं मात्र मागं घ्या.”

माणसे हसली. सेव्हेरिनने हात पुढे केला, आणि प्याल्याचा कान अलगद त्याच्या बोटांत आला. तो त्याच्याकडे वळवूनच धरलेला होता. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की उभ्या वसंतात एकही प्याला त्याला चाचपावा लागला नव्हता. दोराचे टोक प्रत्येक वेळी आपसूक तळहातावर येत होते. शिडी उतरताना शेवटच्या पायरीशी कोणीतरी नेमके खाकरत होते. तांडेलाचा मान म्हणून त्याने ते सारे स्वीकारले होते.

तो कॉफी प्यायला. मागे ढगांवर हिमाभा उजळत राहिली होती. माणसांनी तिला निरोप देण्यासाठी टोप्या उचलल्या, तेव्हा हा आपला शेवटचा निरोप म्हणून सेव्हेरिनने टोपी काढली आणि पुन्हा डोक्यावर ठेवलीच नाही.