मऊ लाकडाची कुबडी

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे, अस्सल बाभळीच्या अंगाचा. मलकापूरच्या केरबा सुतारानं मला स्वतःच्या हातानं घडवलं आणि पोटात पोलादी पातं बसवलं. सागावरून मी मजेत चालायचो. कठीण खैर समोर आला की मात्र रडकुंडीला यायचो. आणि पांगारा? तो भिजलेल्या भाकरीसारखा, त्यावर रंधा मारणं मला कमीपणाचं वाटे.

केरबाचंही तसंच होतं. कुठलंही लाकूड आलं की तो अंगठ्याचं नख दाबून बघायचा. रुतलं तर ते लाकूडच नव्हे. त्याचा मुलगा प्रसेनजीत हळवा होता. त्याला केरबा चारचौघांत ‘पांगारा’ म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची, मीही मनातल्या मनात हसायचो. शेवटी पोरगं कंटाळून इचलकरंजीला मागावर कामाला गेलं.

सत्त्याण्णव साली केरबा आढ्यावरून पडला आणि एका पायानं कायमचा अधू झाला. आक्काताईनं, त्याच्या बायकोनं, मुलाला बोलावून घेतलं. प्रसेनजीतनं मला हातात घेऊन बापासाठी कुबडी केली. दांडा बाभळीचा, काखेत येणारी आडवी पट्टी पांगाऱ्याची. काम इतकं सुबक की मीसुद्धा चकित झालो.

केरबानं पट्टीवर नख दाबलं.

“रुततंय की रं! ह्येला लाकूड म्हणत्यात व्हय?”

“आबा, बाभूळ काखंत टोचंल. म्हणून वर मऊ घातलंय.”

“मला शिकवू नगंस. काढ ते!”

प्रसेनजीतनं बाभळीची पट्टी बसवली. पहिल्या एसटीनं गेला तो गेलाच.

त्या पट्टीनं केरबाची काख सोलून निघाली. तो कण्हायचा, पण कबूल करायचा नाही. आक्काताई खोबरेल लावायची आणि चिंध्या गुंडाळायची. जखम चिघळत गेली. पुढं एकदा त्यानं पांगाऱ्याची पट्टी स्वतःच शोधून काढली आणि मला उचललं, पण काखेतल्या जखमेनं हात पुढं सरकेना. मला खाली ठेवून तो आक्काताईला म्हणाला, “पोराचंच बराबर हुतं. बोलीव त्याला. माज्या तोंडानं सांगतो.”

आक्काताईनं दोनदा निरोप धाडला. प्रसेनजीत आला नाही. पुन्हा टोमणे ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो आला ते बापाच्या मातीला. तेव्हा आक्काताईनं त्याला बापाचं बोलणं सांगितलं. पोरगा कुबडी पोटाशी धरून भिंतीला टेकून बसला आणि एवढंच म्हणाला, “आये, मला त्येंच्या तोंडनं ऐकायचं हुतं गं.”

आता दुकान बंद आहे. माझं पातं गंजलं, अंगाला वाळवी लागली. मित्रांनो, अवजारांना तेलपाणी करा, हे तर मी सांगणारच. पण घरात कुणी मायेनं काही केलं तर त्याला त्याच दिवशी, तोंडावर, बरं म्हणा. प्रसेनजीत घरी आला की आक्काताई अजून दर वेळी सांगते, “ते तुला चांगलं म्हणत हुते रं.” तो हो म्हणून मान हलवतो. पण त्याला ते खरं वाटत नाही.