दाव्यासकट आलेली गाय

टेम्पोची फळी उघडून बराच वेळ झाला तरी गाय काही खाली उतरेना. मोहनरावांचा पोरगा ऋषिराज पुढून ओढत होता, ड्रायव्हर मागून शेपूट पिरगाळत होता, आणि ती काळीपांढरी होल्स्टीन गाय चारी पाय रोवून उभी होती.

"शेपूट सोड आधी तिचं, मुडद्या!" साखरबाई पुढं झाली. "तुझा कान कुणी असा पिळला तर चालशील का तू? व्हा बाजूला दोघंबी."

पदर खोचून ती टेम्पोत चढली. गाईच्या गळ्याखालची पोळी तिनं दोनतीनदा खाजवली, हिरव्या कडवळाची पेंढी नाकासमोर धरली आणि पाठमोरी एकेक पाऊल मागं सरत गेली. गाय लेकरासारखी तिच्या मागोमाग फळीवरून खाली आली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गोठ्यात शेणघाण केल्यावर एवढं तर यायलाच पाहिजे. पण आजची गोष्ट वेगळी होती. आजची गाय तिची होती.

अंगण सकाळपासून सारवून ठेवलेलं. नवरा गेणू हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा. शेजारचे म्हातारे दत्तोबा न बोलावता येऊन ओट्यावर बसलेले. तालुक्याहून गाय तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाई, उत्कर्षा मॅडम, स्कूटरला टेकून मोबाईलवर रेंज शोधत होत्या. आणि सगळ्यांच्या मधोमध पांढऱ्या कपड्यात मोहनराव. ह्या कळस गावच्या दूध संकलनाचा कारभार त्यांच्याकडं, सरकारी योजनांचे कागदही त्यांच्याकडं. गावात योजनेचं पाणी यायचं ते त्यांच्या बांधावरून.

साखरबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याची दीडशे मेंढरं होती. पुढं कालवा आला, ऊस आला, चरायला पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि मेंढरं गेली ती गेलीच. तेव्हापासून पहाटे उठून मोहनरावांच्या गोठ्यात धारा काढायच्या, हे तिचं नशीब. बायकांच्या नावावर दुभती गाय देणारी राज्य सरकारची योजना तिला मोहनरावांनीच सांगितली. निम्म्याहून जास्त किंमत सरकार देणार होतं. "बाकीचं माझ्याकडं लागलं," मोहनराव म्हणाले होते. तीन वर्षं अर्ज, दाखले, पासबुकाच्या झेरॉक्सा. दोनदा नाव यादीत येता येता राहिलं. यंदा आलं, तसं तिनं सगळ्या आळीला सांगून टाकलं, "आता उद्यापास्नं न्हाय जायची मी कुणाच्या गोठ्यात. घरची गाय, घरची धार!"

गाय खुंट्यापाशी आली. गेणूनं तिच्या पायावर पाणी घातलं. साखरबाईनं कपाळाला हळदकुंकू लावलं, पाठीवरून हात फिरवला, कास बघितली. चांगली भरदार कास. तिचा ऊर भरून आला.

मग तिनं खुंटीवरचं नवं दावं काढून आणलं. गेणूनं घायपाताचं चार दिवस बसून वळलेलं, जाडजूड, अजून हिरवट वास येणारं. बायकोनं सांगावं आणि ह्यानं मान खाली घालून वळत बसावं, असं त्याचं चार दिवस चाललं होतं.

ह्या भागात गाय विकतात, दावं विकत नाहीत. जनावर कितीही किमतीचं असो, दावं मालक सोडून घेतो आणि घरी नेऊन खुंटीला टांगतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं न्यायचं, आपल्या हातानं बांधायचं, मग ती गाय आपली. बाजारात भाव मोडेल, भांडण होईल, पण ह्या गोष्टीवरून कधी कुणाचं दुमत झालेलं नाही.

साखरबाईचा हात गाईच्या गळ्याशी गेला आणि तिथंच थांबला. गळ्यात दावं होतं. निळं नायलॉनचं, वापरून मऊ पडलेलं, पितळी कडी लावलेलं.

"मोहनराव, गाय कुणाची म्हणला?"

"काटेवाडीच्या बागायतदाराची. परवा सांगितलं की."

"मग ह्ये दावं कसं ऱ्हायलं?"

"राहिलं असंल घाईत. असू दे की. दोरीचं काय घेऊन बसलीस!" मोहनराव हसले. "मॅडमना उशीर होतोय. फोटोला उभी ऱ्हा."

"घाईत?" ओट्यावरून दत्तोबा म्हणाले. "अवो, माणूस घाईत पोरगी इसरंल, दावं न्हाय इसरायचा."

मोहनरावांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, आणि दत्तोबांना लगेच खोकला आला.

साखरबाई अडाणी असेल, खुळी नव्हती. विकलेली गाय दाव्यासकट येत नाही. दाव्यासकट येते ती उसनी आणलेली गाय. बैलगाडीला जोडीला बैल लागला की शेजारी देतो ना, तशी. संध्याकाळी माघारी न्यायची असते, म्हणून दावं गळ्यातच ठेवतात. काटेवाडीला मोहनरावांचा मेव्हणा राहतो, हेही तिला त्याच क्षणी आठवलं. गाय त्यांच्याच घरात राहणार आणि सरकारचा पैसाही त्यांच्याच घरात. पायाखालची सारवलेली जमीन थंडगार लागायला लागली.

शांतपणे तिनं निळ्या दाव्याची गाठ सोडली, आपलं दावं गाईच्या गळ्यात बांधलं, आणि सोडलेलं दावं दोन्ही हातांवर घेऊन मोहनरावांपुढं धरलं. देवापुढं नारळ धरावा तसं.

"ह्ये घ्या. मालकाला पोचतं करा. गाय पोचली म्हणावं."

ऋषिराज खाली बघायला लागला. मोहनराव झाले तरी ह्याच मातीतले. सरकारी कागदावर शंभर सह्या करतील, पण चारचौघांत ते दावं हातात घ्यायचं म्हणजे गाय विकली हे कबूल करायचं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ठेव की तिकडं कुठंतरी," ते म्हणाले.

"कुठंतरी कसं? ज्याचं त्याच्या हातात."

"साखरबाई, उगा तमाशा नको."

"तमाशा कुठं? दावं तर देतीया. ताकाला येऊन भांडं का लपिवताय?"

हात तसेच धरून ती उभी राहिली. आणि मग कुणीतरी तिच्या हातातून ते दावं काढून घेतलं. तिनं वळून बघितलं. गेणू होता.

गेणूनं तिच्याकडं बघितलंच नाही. तो गाईपाशी गेला, आपणच वळलेल्या दाव्याची गाठ सोडली आणि निळं दावं पुन्हा गळ्यात बांधलं. गाठ बरोबर बसली.

"तुमाला म्हाईत हुतं," साखरबाई म्हणाली.

गेणू गाईची पाठ चोळत राहिला.

"म्हाईत हुतं आन् चार दिस दावं वळत बसला? माझ्यासमूर?"

"तू वळा म्हणलीस," तो पुटपुटला. मग आणखी हळू, "राम त्यांच्या गाडीवर हाय, साखरे. हप्ता न्हाय झाला पोरगं पगाराला लागून. दुभत्या गाईच्या लाथा खाव्या लागत्यात."

"दुभती हाय कुठं आपली?" ती म्हणाली. "नुसत्या लाथाच की."

पोराला दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून घेतलं, तेव्हा तिनं मोहनरावांच्या दारात जाऊन नारळ फोडला होता. तो नारळ कशाचा होता, ते तिला आज कळलं. राग तिला मोहनरावांचा आला नाही. लांडगा मेंढरू नेणारच. पण राखणीला बसलेल्यानंच वाघूर, मेंढरांभोवतीचं जाळं, उचलून धरावी, ह्याला काय म्हणायचं?

इकडं उत्कर्षा मॅडमना रेंज मिळाली होती. बिचारीला दावं काय अन् गाठ काय, कशाचा पत्ता नव्हता. नवरा-बायकोची कुरबुर म्हणून ती शहाण्या मुलीसारखी लांब उभी होती. बारामतीत शिकलेली, कंत्राटावर लागलेली, दिवसाला चौदा लाभार्थी तपासायचे म्हणून धावणारी पोरगी. तिनं गाईच्या कानातला पिवळा बिल्ला बघितला, नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि साखरबाईला गाईच्या शेजारी उभं केलं.

"मावशी, थोडं हसा. वर जातो फोटो."

साखरबाई हसली नाही. फोटो निघाला.

"आता एकच प्रश्न. ही गाय तुम्हाला मिळाली ना? तुमच्या ताब्यात आहे?"

मोहनराव पुढं सरकले. "मिळाली म्हणजे काय, समोर उभी—"

"त्यांनाच बोलू द्या, काका. नियम आहे."

साखरबाईनं गेणूकडं बघितलं. त्यानं हात जोडल्यासारखे केले, अगदी छातीपाशी, दुसऱ्या कुणाला दिसू नयेत असे. रामचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं. गाडीची किल्ली बोटात फिरवत, शीळ घालत घरी येणारा राम. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा शब्द तिनं चारचौघांत कधी मोडला नव्हता.

"न्हाय," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाय म्हणलं. गाय माझी न्हाय. मला मिळाली न्हाय. नुसती फोटूला आणलीया."

टेम्पोचा ड्रायव्हर चढता चढता थांबला. मोहनरावांच्या कपाळावर घाम आला, खरंच आला. दत्तोबांनी तो पुढं कितीतरी दिवस लोकांना वर्णन करून सांगितला.

उत्कर्षा मॅडम मोबाईलकडं बघत राहिल्या. मोहनरावांकडं, गाईकडं, साखरबाईकडं, आणि परत मोबाईलकडं. मग त्या साखरबाईच्या जवळ आल्या आणि पडदा तिच्यापुढं धरला.

"मावशी, इथं 'नाही' असं उत्तरच नाहीये. हे बघा. 'होय' आहे आणि 'नंतर' आहे. 'नंतर' दाबलं तर मलाच पुन्हा पाठवतात, आणि काम अपुरं म्हणून माझंच नाव लागतं वर."

"मग लिवा की कुठं, बाई ही न्हाय म्हणती म्हणून."

"लिहायला जागा नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. "खरंच नाही हो."

त्यांनी अंगठा टेकवला. मोबाईलवर हिरवी बरोबरची खूण आली. कानातल्या बिल्ल्याच्या नंबरापुढं साखरबाईचं नाव लागलं, कायमचं. आता पुढची सात वर्षं तिला दुसऱ्या कुठल्या गाईसाठी अर्जही करता येणार नव्हता.

"बाईमाणूस हाय, मोबाईल बघून बावरली," मोहनराव रुमालानं कपाळ पुसत म्हणाले. "चहा घेऊन जावा मॅडम." मॅडमनी चहा घेतला नाही. हेल्मेट घातलं आणि मागं न बघता गेल्या.

तासाभरानं गाय निळ्या दाव्यानिशी टेम्पोत चढली, अजिबात खळखळ न करता. काटेवाडीला नव्हे, मोहनरावांच्या कळसच्याच गोठ्यात. पुन्हा तपासणी आली तर गाय जवळ हवी. राम रात्री जेवायला आला तेव्हा त्याची नोकरी जिथल्या तिथं होती. मोहनराव त्याला एक अक्षर बोलले नव्हते. आईच्या 'न्हाय'वर रागवावं, एवढीसुद्धा त्या शब्दाची किंमत कुणी केली नव्हती. गेणू दोनदा "अगं" म्हणाला आणि दोन्ही वेळा ताटाकडं वळला.

सकाळी साखरबाई गोठ्यात गेली. घरची धार नव्हती, तर जाणार कुठं? मोहनराव बादल्या मोजत होते, ऋषिराज आणि दोन गडी पेंड कालवत होते. तिला बघून गड्यांनी माना खाली घातल्या. गावात कळलं नाही असं काही राहत नाही.

"या मावशी," ऋषिराज जरा जास्तच गोड बोलला. "कुठल्या गाईपासनं सुरू करायचं आज?"

बावीस गाईंच्या दोन रांगा होत्या. दुसऱ्या रांगेत, टोकाला, ती काळीपांढरी उभी होती. साखरबाईनं बादली उचलली.

"आधी माझी," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असं.

ऋषिराज हसला. मग बाकी कुणीच हसत नाही हे बघून थांबला. मोहनरावांनी बादल्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

साखरबाई गाईखाली बसली, कास धुतली, आणि गाईनं लगेच पान्हा सोडला. बादली काठोकाठ भरली. ती उचलून तिनं मोहनरावांच्या कॅनमध्ये ओतली, आणि पुढच्या गाईकडं गेली.