हवेत राहिलेला हात

शिरेत औषध हळूहळू सोडताना डॉक्टर राग्नफ्रीडची नजर सुईवर नव्हती, आयलर्टच्या पापण्यांवर होती. सकाळी नाडी बघून तिने त्याचा हात सोडला, तर तो खाली पडलाच नाही. तसाच हवेत राहिला.

बर्गन शहरातल्या त्या इस्पितळात आयलर्टला सगळे स्मृतिभ्रंशाचा पेशंट म्हणूनच ओळखत. होड्या बांधण्यात जन्म गेलेला हा म्हातारा आधी बोलायचा थांबला, मग जेवायचा, मग हलायचाही. वय पाहून निदान झालं आणि पुढचं प्रत्येक लक्षण त्यात मुकाट बसत गेलं. हवेतला तो हात मात्र बसेना. माणूस असा थिजतो तो खोल नैराश्यातही, आणि औषधाने कधीकधी मोकळाही होतो.

त्याची बायको गुनवोर खिडकीशी उभी होती. फार आशा धरू नका, असं राग्नफ्रीडने तिला बजावलं होतं. राग्नफ्रीडला स्वतःला मात्र आवरता येत नव्हतं.

काही मिनिटांनी आयलर्टचे ओठ हलले. मग मान वळली, अगदी सावकाश. त्याने पाणी मागितलं. गुनवोरच्या हातातला पेला असा हिंदकळला की अर्धं पाणी चादरीवर सांडलं. ती हसतही होती आणि रडतही होती. नर्स बाकीच्यांना बोलवायला धावली. राग्नफ्रीडला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

पाणी पिऊन आयलर्ट बायकोला म्हणाला,

"घर बघायला तो माणूस येणार आहे ना, त्याला नको म्हणून कळव."

गुनवोरने पेला खाली ठेवला. घर विकायचं तिने लेकीशी बोलून ठरवलं होतं, ते इथेच, या पलंगाशेजारी उभं राहून.

"तुला ऐकू येत होतं?"

"सगळं."

मग त्याने राग्नफ्रीडकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"तुमचा आवाज ओळखीचा आहे. यांच्यासमोर काहीही बोला, यांना आता कळत नाही, असं हिला तुम्हीच सांगितलंत."

राग्नफ्रीडचे कान तापले.

"मग याला झालंय तरी काय, डॉक्टर?" गुनवोरने विचारलं.

आजाराचं नवं नाव राग्नफ्रीडच्या ओठांवर आलेलंच होतं. ते तिने गिळलं, खुर्ची ओढली आणि ती आयलर्टच्या समोर बसली.

"तुम्हीच सांगा," ती त्याला म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."