पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

मास्तरांचा उजवा हात कानापर्यंत नेता नेता फिजिओथेरपिस्ट बाई थांबल्या.

"दुखतंय का, काका?"

"छे," मास्तर दात आवळून म्हणाले.

निवृत्तीनंतर त्यांचा खांदा आखडला होता. उपचाराला आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना ओळखलं होतं. चेहऱ्यावरून नव्हे, मान तिरकी करून ओठांतल्या ओठांत आकडे मोजण्यावरून. आठवीचा वर्ग, तिसरा बाक. त्यानंतर रोज सांगू म्हणायचे आणि रोज शब्द गिळून घरी जायचे. उद्याचा दिवस उपचाराचा शेवटचा होता.

"एक सांगू? अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा माझा एक तास..."

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा आणि सतरा यांचा गुणाकार केला होता आणि त्यात एक मिळवला होता. आले पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. या सातांपैकी कुणानेही भागलं तरी बाकी एक उरते. तेव्हा ही संख्याही मूळच, हिला कशानेच भाग जायचा नाही, असं त्यांनी ठोकून दिलं. इतक्यात मागून, तिसऱ्या बाकावरून, बारीक आवाज आला, "सर, एकोणीसने जातो."

"आधी पाढे पाठ कर, मग मला शिकव," ते वळूनही न बघता म्हणाले होते. वर्ग खो खो हसला होता.

संध्याकाळी घरी त्यांनी भागाकार मांडला. बाकी शून्य. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सरळ भूमिती शिकवायला घेतली.

"एकोणीसने जात होता," मास्तर आता म्हणाले. "तुझंच खरं होतं."

त्यांच्या कोपराखालचा तिचा हात तसाच राहिला.

"ठाऊक आहे, सर. घरी जाऊन तीनदा करून पाहिला होता."

"मग दुसऱ्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं. वर्षभर वाटत होतं."

तिने त्यांचा हात अलगद मांडीवर ठेवला, खांद्याला शेकाची पिशवी लावली आणि स्टूल ओढून समोर बसली.

"एकोणीसने भागून जो आकडा येतो, तो तरी मूळ आहे का? माझं घोडं तिथंच अडलं होतं."

"नाही. सत्त्याण्णवने जातो."

व्यायामाच्या तक्त्यामागे तिने सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर लिहिले आणि भागायला लागली. मधे एकदा चुकली. मास्तरांना चूक दिसली, पण ते गप्प बसले. तिने स्वतःच खोडून पुन्हा केलं.

"दोनशे सत्त्याहत्तर. बाकी नाही."

मास्तरांनी डाव्या हाताने कागद ओढून घेतला, ओळ न् ओळ तपासली.

"बरोबर!" ते म्हणाले, आणि आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल एवढा मोठा निघाला.