खुंटीवरच्या सायकली

मृत्युंजयने सायकल उचलून भिंतीवरच्या खुंटीला अडकवली, खिशातला खडू काढला आणि खालच्या पाटीवर लिहिलं: 'भारत, डोंगरवाडी. पुढच्या शुक्रवारी परत.' मग दोन पावलं मागे सरून अक्षर सरळ आलंय का ते पाहिलं.

"मालक, हे कावून लिवता?" रांजणापाशी पाणी पीत उभ्या असलेल्या माणसाने विचारलं.

कुणी विचारायची खोटी, मृत्युंजय सुरूच झाला.

पाटोद्याच्या एसटी स्टँडाला लागून त्याचं सायकल स्टँड होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे सायकलींचा नुसता ढिगारा असायचा. एक ओढली की दहा कोसळायच्या, आणि संध्याकाळच्या गाडीने उतरलेली माणसं एकमेकांच्या आया-बहिणी काढायची. मृत्युंजयने डोकं लावलं. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या, एकेका गावाला एकेक रांग दिली. तासाभरात बाजार करून परतणाऱ्यांच्या सायकली पुढे, संध्याकाळी येणाऱ्यांच्या मागे, आणि मुक्कामाला जाणाऱ्यांच्या थेट भिंतीवर. खुंटीखाली पाटी, पाटीवर नाव, गाव आणि परतायचा वार. तालुक्यात लुना आल्या, एसटीडीचे पिवळे बूथ आले, वाडीवस्तीवर रंगीत टीव्ही आले. पण असं स्टँड बीडातसुद्धा नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा.

ऐकायला मात्र कुणाला वेळ होता! लोक सायकल लावायचे आणि गाडीमागे पळायचे. घरी गंगासागर तर हसायचीच. "सायकली हायत का शाळेतली पोरं? वर्ग भरवलाय जणू," म्हणायची.

या माणसाने शेवटपर्यंत ऐकलं. "लई डोकं लावलंय मालक," तो म्हणाला. "आमच्याकडं बी स्टँड टाकायचंय. जरा नकाशा काढून द्याल का?"

मृत्युंजय हरखला. त्याच्याच वहीत त्याने रांगा आखून दिल्या, खुंट्यासुद्धा दाखवल्या. माणसाचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ, काखेत वही. त्यानंतर तो दर दोन-तीन दिवसांनी यायचा, पाणी प्यायचा, भिंतीपुढे उभा राहून पाट्या वाचायचा आणि काहीबाही टिपून घ्यायचा. शिकायची आवड असावी तर अशी, मृत्युंजयला वाटायचं.

"ही पयली कुणाची?" एकदा त्याने विचारलं.

"माझीच. नमुना म्हणून लावलीय."

पाटीवर लिहिलेलं होतं: 'मृत्युंजय, आखाडा. रात्री आठ.'

"आखाडा म्हंजे शेतातच घर हाय म्हणा की. शेजारपाजार?"

"कुणी न्हाई. लई शांत. मी आन् आमची मालकीण."

सोमवारी त्याच पाटीवर मृत्युंजयने आगाऊच एक ओळ वाढवली: 'शनिवारी मुक्काम, सिरसाळा.' भाची प्रणिताचं लग्न होतं. गाय व्यायला आलेली, म्हणून गंगासागर मागेच राहणार होती. त्या माणसाने ओळ वाचली, आपुलकीने चौकशी केली आणि मृत्युंजयने गायीचंही सांगून टाकलं.

गुरुवारी दुपारी भारतची बायको कडूबाई डोंगरवाडीहून चालत आली. पायांत चपला नव्हत्या. नवऱ्याच्या सायकलीखाली ती मटकन बसली.

"घर धुऊन नेलं, भाऊ," ती म्हणाली. "काल भर दुपारी. मी कापूस येचायला गेलते."

"कुणी?"

"पांढऱ्या शर्टातला एक आलता म्हणं, टेंपू घिऊन. शेजारच्या ताराबाईला म्हणला, भारतभाऊ शुक्रवारपातूर येत न्हाईत, टीव्ही दुरुस्तीला न्यायला सांगितलाय. तिनंच दार दावलं. टीव्ही गेला, डब्यातलं डोरलं गेलं." तिने पदराने तोंड पुसलं. "आवो, शुक्रवारी येणार हे त्यांनी मला बी सांगितलं नव्हतं. मला बी! मग त्या भाड्याला कसं ठाव?"

मृत्युंजयची नजर पाटीवर गेली. कडूबाईचीही गेली, पण तिला वाचता येत नव्हतं. तिने वर हात करून सायकलीचं चाक नुसतं चाचपलं.

सांगायला हवं होतं. आत्ताच, याच बाईला. लाजेने कान तापले. त्याने तिला तांब्याभर पाणी दिलं, पोलीस ठाणं कुठल्या बोळात आहे ते सांगितलं आणि ती वळेपर्यंत तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिला.

मग त्याने फडकं ओलं केलं. भारतची पाटी पुसली, तिच्या शेजारची पुसली, त्याच्या पुढची. किती दिवस आपण ही घरं अशी उघडी टांगून ठेवली होती! पुसत पुसत तो पहिल्या खुंटीपाशी आला आणि थांबला. स्वतःचं अक्षर त्याने दोनदा वाचलं. तो माणूस मंगळवारपासून पाणी प्यायला आला नव्हता.

त्याने पाटी पुसली, सायकल खाली घेतली आणि स्टँड तसंच उघडं टाकून निघाला. सहा किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत कुणीतरी हाक मारली. त्याने मागे पाहिलं नाही. देवा, दार लावलेलं असू दे, एवढंच तो म्हणत होता.

दार सताड उघडं होतं. गंगासागर अंगणात उभी होती, धडधाकट, हातात चुन्याची फक्की. त्याला पाहताच तिचं तोंड फुललं.

"अवो, खोलीचं एका शब्दानं बोलला न्हाईत!"

"कसली खोली?"

"आता लपवू नगा. सा वर्सं मागं लागलेय, तवा कुठं मनावर घेतलंत. तुमचा माणूस आलता की सकाळी. वही घिऊन. पावलं टाकून समदी मापं घेतली. लई गुणी, चहाचा कप बी धुऊन ठिवला."

"काय इचारलं त्यानं?"

"कपाट कुठल्या भिंतीला, कडी आतनं कशी लागती. भिंत पाडायची तर सामान हलवाया नगं? शनवारी येतो म्हणला मजूर घिऊन. मला म्हणला, मालक नसले तरी चालतंय, तुमी घरी असला म्हंजे झालं."

"शनवारी मी कुठं जात न्हाई."

"कावून? पाटीवर लिवलंय म्हणं तुमी. तोच सांगत होता." ती हसली आणि जमिनीकडे बोट केलं. अंगणात तिने नव्या खोलीची चौकट आखली होती. "बगा की. तुमच्या रेघंसारखी सरळ मारलीय का न्हाई?"

सायकल हातात धरून तो त्या पांढऱ्या रेघेबाहेर उभा राहिला. ती कुठे लावावी, ते त्याला सुचेना.