राखून ठेवलेला घोडा

तीन दिवस बर्फ पडला, चौथ्या दिवशी निलाजऱ्यासारखं ऊन पडलं, आणि त्यानंतरच्या थंडीने वितळलेला सगळा बर्फ पुन्हा गोठवला. आता दरीभर काचेसारखा कडक थर बसला होता. नुसत्या बर्फाला सैराकानने भीक घातली नसती. असे बासष्ट हिवाळे तिने पचवले होते. पण ह्या थराखालचं वाळकं गवत मेंढीच्या खुराला लागत नाही. मेंढी चार वेळा पाय मारते, मग मान खाली घालून उभी राहते. उभी राहिलेली मेंढी दोन दिवसांत आडवी होते.

घाट बंद होता. गवताची गाडी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. पोरगा एर्निस हरवलेल्या घोडीला शोधायला गेला, ती मेलेली सापडली, आणि हा पायाची बोटं काळीनिळी करून परत आला. आता तो चुलीपाशी पडून होता. म्हणजे सगळं सासूसुनेवर. फावड्याने वाट काढत जळणासाठी वाळवलेल्या लेंड्यांच्या ठोकळ्यांच्या ढिगापर्यंत जायचं, चूल पेटवायची, कढईत बर्फ वितळवून माणसांना आणि गाईला पाजायचा, आणि मग रात्रीत मेलेल्या मेंढ्या बाहेर ओढून कडक व्हायच्या आत सोलायच्या. आठ दिवसांत सत्तरच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. त्यातल्या बहुतेक गाभण.

एकाच जनावराच्या पुढ्यात अजून गवत होतं. नवऱ्याचा पिवळट घोडा. कालमुर्झा मागच्या वसंतात गेला, त्याच दिवशी दुखवट्याची खूण म्हणून घोड्याच्या शेपटीचे केस कापले आणि तो वर्षाच्या जेवणासाठी राखून ठेवला. त्याच्यावर बसायचं नाही, त्याला कामाला जुंपायचं नाही. वर्ष भरलं की तो कापायचा आणि अख्ख्या दरीला जेवू घालायचं. मांसावर चार बोटं चरबी हवी. गेलेला माणूस केवढा होता ते लोक त्या चरबीवरून ठरवतात, आणि मागे राहिलेली बाई कशी आहे तेही. सैराकान त्याला स्वतःच्या ओंजळीने जव चारत होती.

तिथेच सून बुरुलचा आली. तिच्या मुठीत ओली लोकर होती.

"आई, मेंढ्या एकमेकींची लोकर खायला लागल्यात."

"मग? ते मला कौतुकानं दाखवायला आलीस?"

"घोडा पुढे घातला तर थर फोडील. मागून मेंढ्या चरतील. दुसरी घोडी गाभण आहे, तिला लावलं तर पोट पडेल."

"घोडा तुझ्या माहेरचा आहे का गं?"

एरवी बुरुलचा नजर खाली घालून निघून गेली असती. आज हलली नाही. "माहेरचा असता तर विचारायला आले नसते," ती म्हणाली.

सैराकानने हातातले जव पोत्यात परत टाकले आणि मेंढ्यांच्या कोंडवाड्यात गेली. कडेला एक काळ्या तोंडाची मेंढी घशात काहीतरी अडकल्यासारखी खोकत होती. सैराकानने तिच्या तोंडात बोटं घातली आणि लोकरीचा बोळा ओढून काढला. दुसरा हात पोटाखाली गेला, सवयीने. आत कोकरू हललं.

ती तशीच बसून राहिली. सहा वर्षांपूर्वी खालच्या वाडीतल्या एका विधवेने वर्षाच्या जेवणाला रोडका घोडा कापला होता. पंगतीत सैराकान मोठ्याने म्हणाली होती, "हा घोडा मालकाच्या आधीच मेला होता वाटतं!" सगळे हसले होते. त्या बिचारीवर काय वेळ आली होती, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

"बुरुलचा! पाहुण्यांसाठी केलेली नवी लोकरीची घोंगडी आण. आणि सुरी."

घोंगडीच्या पट्ट्या कापून ती घोड्याच्या पायांना गुंडाळत होती, तेवढ्यात धाकटा दीर सातारकुल मीठ मागायला आला आणि दारातच थबकला.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"दिसत नाही का? नवरी सजवतेय."

"त्याचे पाय सोलून निघतील! महिन्याभरात हाडं वर येतील. दादाच्या जेवणाला काय वाढणार, कातडं? लोक थुंकतील आपल्यावर."

"थुंकू देत. मी काय कमी थुंकलेय?"

"दादाच्या नावाचं तरी बघा!"

"तुझा दादा मातीखाली आहे, सातारकुल. त्याला भूकही नाही आणि थंडीही नाही." तिने पट्टीची गाठ आवळली. "जेवणाचं बोलावणं द्यायला तूच जाशील ना? मग सगळ्यांना सांग, मांस रोड असेल. ज्याला चरबी हवी त्यानं घरीच बसावं. आणि मीठ न्यायचंय तर ने, वाट अडवू नकोस."

सातारकुल बाजूला झाला. मीठ न घेताच गेला.

घोडा दहा महिन्यांत अंगणाबाहेर पडला नव्हता. उतारावर आल्यावर त्याने नाकपुड्या फुगवल्या, पुढचा पाय उचलला आणि मारला. थर तडकला. पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी खालचं पिवळं गवत वर आलं आणि पायाच्या पट्टीवर लाल डाग उमटला. मागे बुरुलचाने मेंढ्या अडवून धरल्या होत्या, त्या धक्काबुक्की करत पुढे आल्या.

घोड्याने मान खाली घातली. स्वतः उघड्या केलेल्या गवताला त्याने तोंड लावलं, आणि सैराकानने दोर ओढून त्याचं डोकं वर केलं.

"तुझं नाही ते," ती म्हणाली.

त्याने पुन्हा मान खाली घातली. तिने पुन्हा ओढली. दोन पावलं पुढे, कोऱ्या बर्फावर त्याला उभं केलं. तो पाय मारायचा, गवत उघडं पडायचं, तो वाकायचा, ती ओढायची. दुपार कलेपर्यंत तिच्या तळहाताची साल गेली होती. घोडा वाकायचा काही थांबला नाही, आणि ती ओढायची थांबली नाही.